दुसरी डिस्क जोडली, रूट वाढवलं, आणि आता लॅपटॉप बूटच होईना (डेबियन १२, लक्स + एलव्हीएम)

खटपट्या_नाशिक

मंडळी मदत पाहिजे, जरा लवकर पाहिजे. मोबाईलवरून टाइप करतोय आणि कीबोर्ड मराठीच आहे त्यामुळे कमांडी पण मराठी अक्षरातच आल्यात, समजून घ्या.

लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) आहे. इन्स्टॉल करताना तो आख्खी डिस्क एन्क्रिप्टेड एलव्हीएमसकट वापरायचा पर्याय घेतला होता, म्हणजे /बूट वेगळं आणि उघडं, बाकी सगळं लक्सच्या (डिस्कला पासवर्डचं कुलूप लावणारी पद्धत) आत, त्याच्या आत एलव्हीएम (डिस्कांची जागा एकत्र करून वाटणारी सोय), त्यातल्या जागेच्या साठ्याचं, म्हणजे व्हीजीचं नाव "घर-व्हीजी", त्यात रूट (आख्खी सिस्टिम जिथे असते ते) आणि स्वॅप. डिस्क २५६ जीबीची, ती भरत आली म्हणून १ टीबीची साटा एसएसडी आणली, लॅपटॉपमध्ये अडीच इंची खण रिकामाच होता. मग शनिवारी दुपारी बसून हे केलं: नव्या डिस्कवर एक पार्टिशन, त्यावर क्रिप्टसेटअप (लक्सची कमांड) लक्सफॉरमॅट, मग लक्सओपन करून नाव दिलं डेटा_क्रिप्ट, मग पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, आणि शेवटी एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री, म्हणजे नवी डिस्क साठ्यात घातली (साठ्यातली एकेक डिस्क म्हणजे पीव्ही) आणि सगळी मोकळी जागा रूटला दिली (साठ्यातून दिलेला वाटा म्हणजे एलव्ही). चालू सिस्टिमवरच रूट फुगून अकराशे जीबीच्या वर गेलं, डीएफ (जागा दाखवणारी कमांड) बघून मी खूश, बायकोला पण दाखवलं.

रविवारी सकाळी चालू केला तर नेहमीसारखा पासवर्ड विचारला, टाकला, "सेट अप सक्सेसफुली" पण आलं, आणि मग अर्धा मिनिट नुसता थांबून "गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाईल सिस्टिम डिव्हाइस" आणि खाली "अलर्ट! /डेव्ह/मॅपर/घर--व्हीजी-रूट डझ नॉट एक्झिस्ट" आणि ते कंसातलं इनिटरॅमएफएसचं (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम) प्रॉम्प्ट. आता माझ्या व्हीजीच्या नावात एकच डॅश आहे, इथे दोन दिसतायत, हा काय प्रकार ते पण कळेना, म्हटलं नावातच घोळ झालाय का.

मग लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम) लावली, दोन्ही डिस्क उघडल्या, रूट माउंट केलं, सीएच-रूट केलं (म्हणजे यूएसबीवरून माझ्या सिस्टिमच्या आत शिरलो), क्रिप्टटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठल्या नावाने उघडायची ती यादी) डेटा_क्रिप्टची ओळ टाकली, अपडेट-इनिटरॅमएफएस -यू (इनिटरॅमएफएस नव्याने बनवायची कमांड) चालवलं, काहीतरी वॉर्निंग आल्या पण एरर नव्हती. रिबूट केलं तर आता पासवर्डसुद्धा विचारत नाही!! सरळ इनिटरॅमएफएस प्रॉम्प्ट. तिथे क्रिप्टसेटअप टाइप केलं तर म्हणतो "नॉट फाउंड". म्हणजे आधी निदान अर्ध्यापर्यंत जात होतं, दुरुस्ती केल्यावर ते पण गेलं.

सोमवारी डेमो आहे. डेटा गेला का माझा?

जुनं_खोड

डेटा कुठेही गेलेला नाही. आधी चहा घे.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. शोधत बसलास की "व्हीजी इज मिसिंग पीव्ही" या वॉर्निंगवर कुणीतरी व्हीजीरिड्यूस --रिमूव्हमिसिंग --फोर्स चालवायला सांगेल. ते उत्तर ज्याची डिस्क खरोखर मेली आहे त्याच्यासाठी असतं. तुझी दुसरी डिस्क जिवंत आहे, फक्त कुलूपबंद आहे, आणि एलव्हीएमला कुलूपबंद डिस्क आणि हरवलेली डिस्क यातला फरक कळत नाही. तुझं रूट आता दोन्ही डिस्कवर पसरलंय, ती कमांड --फोर्स लावून चालवली तर ते आख्खं रूट यादीतून काढून टाकेल. मग मात्र डेटा गेला म्हणायला हरकत नाही.

दोन डॅशचं टेन्शन घेऊ नकोस. /डेव्ह/मॅपरमधल्या नावात व्हीजी आणि एलव्ही यांच्यामध्ये एक डॅश घालतात, त्यामुळे मूळ नावातला डॅश असेल तर तो डबल करून लिहितात, नाहीतर कुठे तोडायचं ते कळणार कसं. नाव बरोबर आहे.

आता दोन प्रश्नांची उत्तरं दे. लाइव्ह यूएसबीमध्ये डिस्क "उघडल्या" म्हणतोस त्या कशा उघडल्या, टर्मिनलमधून की फाईल मॅनेजरमध्ये क्लिक करून? आणि त्या वॉर्निंग नेमक्या काय होत्या? वॉर्निंग आहे एरर नाही म्हणून सोडून द्यायची ही आपल्याकडची फार जुनी खोड, सिग्नल पिवळा आहे ना मग जा.

खटपट्या_नाशिक

काका, क्लिक करून उघडल्या. डाव्या बाजूला डिस्क दिसत होत्या, क्लिक केलं, पासवर्ड विचारला, टाकला. त्यात काय बिघडलं?

वॉर्निंगचा फोटो काढून ठेवलाय नशिबाने. "क्रिप्टसेटअप: वॉर्निंग: टार्गेट लक्स-" आणि पुढे लांबलचक नंबर, "नॉट फाउंड इन /ईटीसी/क्रिप्टटॅब". अशा दोन ओळी. आणि अजून एक मोठी, की इनिटरॅमएफएसमध्ये क्रिप्टसेटअप आणि क्रिप्टो मॉड्यूल्स कदाचित नसतील, मुद्दाम केलं असेल तर क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज काढून टाका वगैरे.

टर्मिनलवाली

मिळालं. सगळं त्या क्लिकमध्ये आहे. थोडं लांबण लावते पण एकदा नीट वाच, मग कमांडी पाठ करायची गरज राहणार नाही.

बूट होताना ग्रबला (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) फक्त /बूट दिसतं, कारण ते उघडं आहे. तिथून तो कर्नल (सिस्टिमचा गाभा) उचलतो आणि त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस नावाचं एक गाठोडं. त्या घडीला तुझं रूट अस्तित्वातच नसतं, ते लक्सच्या आत एलव्हीएमच्या आत आहे. मग /ईटीसी/क्रिप्टटॅब वाचणार कोण? ती फाईल पण त्याच रूटवर, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवताना एक हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) क्रिप्टटॅबमधल्या गरजेच्या ओळी काढून गाठोड्यात घालून ठेवतो. बूटच्या वेळी वाचली जाते ती ही कॉपी, तुझी /ईटीसी मधली नाही. तू तिकडे कितीही सुंदर ओळ लिही, गाठोडं परत बांधलं नाहीस तर तिचा उपयोग शून्य.

आता शनिवारी काय झालं. तू डिस्क जोडलीस, रूट तिच्यावर पसरवलंस, पण क्रिप्टटॅब आणि गाठोडं जुनंच राहिलं. रविवारी बूटला गाठोड्याने इमानेइतबारे पहिली डिस्क उघडली, एलव्हीएमने पाहिलं तर दोनातला एकच पीव्ही हजर, अर्धवट एलव्ही तो चालू करत नाही, खेळ संपला.

आणि मग तुझी दुरुस्ती. हा हुक क्रिप्टटॅब डोळे मिटून कॉपी करत नाही. तो आधी बघतो की आत्ता या क्षणी रूट कशावर उभं आहे, त्या एलव्हीच्या खाली कुठले कुठले क्रिप्ट मॅपर (उघडलेल्या लक्स डिस्क) आहेत आणि त्यांची नावं काय आहेत. मग ते नाव क्रिप्टटॅबच्या पहिल्या रकान्यात शोधतो. सापडलं तर ओळ आत, नाही सापडलं तर वॉर्निंग देऊन पुढे. तू फाईल मॅनेजरमधून क्लिक केलंस तेव्हा डिस्क उघडली यूडिस्क्सने (डेस्कटॉपसाठी डिस्क हाताळणारा प्रोग्राम), आणि तो स्वतःच्या मर्जीने नाव देतो, "लक्स-" आणि पुढे तो लांब यूयूआयडी (ओळख नंबर). तुझ्या क्रिप्टटॅबमध्ये आहे एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट आणि डेटा_क्रिप्ट. हुकला दोन्ही नावं सापडली नाहीत, म्हणून जी पहिली डिस्क आधी नीट उघडत होती तिची ओळसुद्धा गाठोड्यातून गळली. आणि एकही ओळ नाही म्हटल्यावर क्रिप्टसेटअप तरी कशाला न्यायचं, ते पण राहिलं. म्हणून पासवर्ड विचारला नाही आणि म्हणून "नॉट फाउंड".

आता चांगली बातमी. तू -यू एवढंच लिहिलंस, -के ऑल लिहिलं नाहीस. म्हणजे फक्त सगळ्यात नव्या कर्नलचं गाठोडं बिघडलंय, जुन्या कर्नलची जशीच्या तशी असतील. लाइव्ह यूएसबी ठेवून दे. हे कर:

ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा, आधीचा कर्नल निवड (रिकव्हरी नको, साधाच). तो पहिल्या डिस्कचा पासवर्ड विचारेल, टाक. मग परत तसाच अर्धा मिनिट थांबून प्रॉम्प्टवर आणून सोडेल, पण या वेळी क्रिप्टसेटअप सोबत असेल. तिथे आधी बीएलकेआयडी मार, नवी डिस्क कुठल्या नावाने आलीय ते बघ, टाइप क्रिप्टो_लक्स लिहिलेली आणि अजून न उघडलेली ती आपली. समज एसडीए१ असेल, तर

क्रिप्टसेटअप लक्सओपन /डेव्ह/एसडीए१ डेटा_क्रिप्ट

नाव हेच दे, अक्षर न अक्षर. मग

एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय

"२ लॉजिकल व्हॉल्यूम्स नाऊ ॲक्टिव्ह" असं काहीतरी येईल. आणि मग नुसतं एक्झिट. गाडी जिथे अडली होती तिथून पुढे निघेल आणि लॉगिनपर्यंत जाईल.

आत गेल्यावर क्रिप्टटॅब उघड आणि नव्या ओळीतला यूयूआयडी परत तपास, इथे निम्मे लोक आपटतात. बीएलकेआयडी दोन यूयूआयडी दाखवतं, एक /डेव्ह/एसडीए१ चा, टाइप क्रिप्टो_लक्स, आणि एक /डेव्ह/मॅपर/डेटा_क्रिप्टचा, टाइप एलव्हीएम२_मेंबर. क्रिप्टटॅबला पहिला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या कुलपाचा. नुसतं बघून पण ओळखू येतो, लक्सचा असतो ८-४-४-४-१२ असा, आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, आणि एलव्हीएमचा असतो ६-४-४-४-४-४-६, त्यात लहान मोठी सगळी अक्षरं, कुणीतरी मांजर कीबोर्डवरून चालवल्यासारखी.

मग चौथ्या रकान्यात लक्स,डिस्कार्ड च्या पुढे स्वल्पविराम देऊन इनिटरॅमएफएस हा शब्द घाल, दोन्ही ओळींना. तो असला की हुक ती ओळ आत घालतोच, रूटच्या खाली ती सापडो ना सापडो. पुढे कधी परत क्लिकचा मोह झाला तरी वाचशील. आणि मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल.

रिबूट करायच्या आधी गाठोडं उघडून बघ. अनएमकेइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी... आणि पुढे एक रिकामा फोल्डर दे, तो त्यात सगळं सोडवून ठेवतो, मायक्रोकोड असेल तर "मेन" नावाचा उपफोल्डर होतो, त्यात क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब बघ. दोन ओळी दिसल्या पाहिजेत. एकच दिसली किंवा फाईल रिकामी असेल तर रिबूट करू नकोस, इथे ये.

खटपट्या_नाशिक

ताई!!! लॉगिन झालं!!! आता लॅपटॉपवरूनच लिहितोय.

जुना कर्नल निवडला, पासवर्ड, मग प्रॉम्प्ट, बीएलकेआयडी, एसडीए१ च होती, हाताने उघडली, व्हीजीचेंज, एक्झिट, आणि स्क्रीन एक क्षण काळी होऊन मग लॉगिन. जीव भांड्यात पडला.

आणि यूयूआयडीचा गाढवपणा मी केलाच होता. मांजरवाला होता तो. म्हणजे क्लिक न करता बरोबर नावाने उघडली असती तरी आपटलोच असतो. आता लक्सवाला टाकलाय.

पण आता नवीनच. अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल केलं तर पहिल्यालाच "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आणि "फेल्ड". अहो नवी डिस्क १ टीबीची आहे, रूटवर नऊशे जीबी मोकळे आहेत, जागा नाही कशी?

जुनं_खोड

/बूट वेगळं पार्टिशन आहे ना बाळा, एलव्हीएमच्या बाहेर, तुझ्या नऊशे जीबीचा त्याला काय उपयोग. वाड्यात दहा खोल्या वाढवल्या म्हणून देवडी मोठी होत नाही. इन्स्टॉलरने ते जेमतेम अर्ध्या जीबीचं केलेलं असतं. डीएफ -एच /बूट आणि एलएस /बूट दाखव.

खटपट्या_नाशिक

९४ टक्के भरलंय. पाच कर्नल आहेत, सगळे ६.१ चेच, आणि प्रत्येकाचं इनिटआरडी ७०-८० एमबीचं. हे कधी साचले? मी अपडेट मारत होतो फक्त.

जुनं_खोड

अपडेट मारत होतास, झाडू मारत नव्हतास. गाठोडं बांधताना आधी नवं शेजारी तयार होतं आणि पूर्ण झालं तरच जुन्याच्या जागी जातं, म्हणून तेवढी मोकळी जागा लागते. त्यातली जमेची बाजू ही की मध्येच फेल झालं तर जुनं शाबूत राहतं, म्हणजे आत्ता काही बिघडलेलं नाही.

आधी युनेम -आर करून बघ कुठल्या कर्नलवर बसला आहेस, तोच सध्या तुझा एकमेव तारणहार आहे. मग एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज चालव, पण "हो" म्हणायच्या आधी काढायच्या यादीत तो नाही ना ते वाच. एपीटी चालू कर्नलला सहसा हात लावत नाही, तरी वाच. कुठेतरी मॉड्यूल्स=डेप करून गाठोडं बारीक करायचा सल्ला मिळेल, आज नको, एका वेळी एकच भानगड.

खटपट्या_नाशिक

झालं. तीन कर्नल गेले, दोन राहिले, /बूट ४० टक्क्यांवर आलं. गाठोडी परत बांधली, एकही वॉर्निंग नाही. उघडून बघितलं, मेन/क्रिप्टरूट/क्रिप्टटॅबमध्ये दोन ओळी. तरी रिबूट करताना हात थरथरत होता. नव्या कर्नलवर व्यवस्थित चालू झाला!

आता फक्त एकच, दोनदा पासवर्ड विचारतो. आधी "प्लीज अनलॉक डिस्क एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट", मग डेटा_क्रिप्टसाठी परत. दोन्हीचा पासवर्ड एकच ठेवलाय. एकदाच विचारेल असं काही करता येतं का? मी वाचलं की की-फाईल (पासवर्डऐवजी चालणारी फाईल) करून इनिटरॅमएफएसमध्येच ठेवायची.

फेडोरावाला_भाऊ

आमच्याकडे एकदाच विचारतो 😎 फेडोरात ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बांधणारं साधन) आहे आणि आत सिस्टिमडी, तो टाकलेला पासवर्ड थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि पुढच्या डिस्कवर आधी तोच लावून बघतो.

टर्मिनलवाली

की-फाईल गाठोड्यात अजिबात नको. /बूट उघडं आहे. लॅपटॉप चोरणारा ते गाठोडं सोडवून किल्ली काढून घेईल. दाराला गोदरेजचं कुलूप आणि किल्ली तुळशीवृंदावनात, असला प्रकार. रूटच्या आत ठेवलेली की-फाईल वेगळी, ती चालते, पण ती अशा डिस्कसाठी जी रूट उघडल्यानंतर लागते. तुझी दुसरी डिस्क रूटसाठीच लागते, म्हणून तो मार्ग तुला बंद.

डेबियनमध्ये यासाठी डिक्रिप्ट_कीसीटीएल नावाची स्क्रिप्ट आहे. कीयुटिल्स पॅकेज टाक, मग क्रिप्टटॅबच्या दोन्ही ओळींत तिसऱ्या रकान्यात "नन" च्या जागी एकच कुठलाही शब्द, समज घर_किल्ली, आणि चौथ्या रकान्यात शेवटी कीस्क्रिप्ट=डिक्रिप्ट_कीसीटीएल. तिसऱ्या रकान्यातला शब्द सारखा असला की पहिल्यांदा टाकलेला पासवर्ड कर्नलच्या की-रिंगमध्ये ६० सेकंद राहतो आणि दुसऱ्या डिस्कला तोच लागतो. दोन्हीचा पासवर्ड एकच हवा, तो तुझा आहेच. मग परत गाठोडं बांध, परत उघडून बघ.

(टीपीएम, म्हणजे लॅपटॉपमधली किल्ल्या सांभाळणारी चिप, वापरा म्हणून कुणी सांगायला येईल. सिस्टिमडी-क्रिप्टएनरोल २४८ व्हर्जनपासून आहे आणि छान आहे, पण डेबियनच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएस-टूल्सला क्रिप्टटॅबमधला टीपीएम२ चा पर्याय कळत नाही, त्यासाठी ड्रॅकट नाहीतर क्लेव्हिस लावावं लागतं. डेमोच्या आदल्या रात्री तो उद्योग नको.)

दऱ्याखोऱ्या

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो, हसा खुशाल.

मी मागे डिस्क्स नावाच्या त्या ग्राफिकल ॲपमधून लक्सचा पासवर्ड बदलला आणि उत्साहाच्या भरात मराठीत ठेवला, देवनागरीत. म्हटलं कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. मला पण नाही आला. रिबूट केल्यावर कळलं की इन्स्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) वगैरे जे आहे ते आयबस (टायपिंगचा प्रोग्राम) करतं, आयबस चालतं डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप आहे कुलपाच्या आत. इनिटरॅमएफएसला बिचाऱ्याला ए बी सी डीच येतं.

बरं मग लाइव्ह यूएसबीवर मराठी कीबोर्ड लावला, पासवर्ड टाइप केला, "नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज". चार वेळा. पासवर्डमध्ये माझं हेच टोपणनाव होतं. आता गंमत बघा, "ऱ्या" हे अक्षर दोन पद्धतीने लिहिता येतं, एक म्हणजे तो खाली टिंब असलेला ऱ घेऊन हलंत आणि या, आणि दुसरा म्हणजे साधा र, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारा जोडणारा एक कॅरॅक्टर, मग या. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, लक्ससाठी ते वेगवेगळे बाइट्स. घरच्या मशीनवर आयबसमध्ये एक लेआउट होता आणि लाइव्ह यूएसबीवर दुसराच लावला होता. दुपारभर टाळकं फुटायची वेळ आली, मग एकदाचं हे लक्षात आलं. उघडल्या उघडल्या आधी लक्सॲडकी करून साधा इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकला. लक्स२ मध्ये ३२ स्लॉटपर्यंत जाता येतं, लक्स१ मध्ये ८ च होते, म्हणजे बदलायच्या भानगडीत पडूच नका, आधी नवा जोडा, रिबूट करून चालतो का बघा, मगच जुना काढा.

खटपट्या_नाशिक

@दऱ्याखोऱ्या दादा हसलो पण आणि घाबरलो पण 😂

कीसीटीएल झालं ताई, आता एकदाच विचारतो.

जुनं_खोड

सगळं झालं ना, आता ओरडून घेतो.

रूट दोन डिस्कवर पसरवायची काय गरज होती? साधा लिनिअर एलव्ही आहे तो, रेड नाही. आता दोनातली कुठलीही एक डिस्क मेली तर आख्खं रूट जातं. पूर्वी एका डिस्कची काळजी होती, आता दोन डिस्कची आहे आणि बदल्यात फक्त जागा मिळालीय. नव्या डिस्कवर वेगळी व्हीजी करून /होम तिकडे नेलं असतं, की-फाईल रूटच्या आत ठेवली असती, क्रिप्टटॅबमध्ये आणि एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती यादी) नोफेल (नाही मिळालं तरी पुढे जा) लिहिलं असतं, तर परवा डिस्क उघडली नसती तरी मशीन थोडं रेंगाळून का होईना पण चालू झालं असतं आणि आरामात बसून दुरुस्त करता आलं असतं. आणि बूटसाठी त्या डिस्कची गरजच नसल्यामुळे या आख्ख्या धाग्यातला निम्मा घोळ झालाच नसता.

परत फिरायचं असेल तर फिरता येतं. फाईल सिस्टिम ईएक्सटी४ आहे म्हणून, एक्सएफएस असतं तर मी गप्प बसलो असतो कारण ते असं लहान करता येत नाही. पण ईएक्सटी४ लहान करताना माउंट असलेलं चालत नाही, म्हणजे लाइव्ह यूएसबी, ई२एफएससीके, मग एलव्हीरिड्यूस --रिसाइझएफएस, मग जे तुकडे नव्या डिस्कवर गेले असतील ते पीव्हीमूव्हने परत आणायचे, मग व्हीजीरिड्यूस. आणि यूएसबीवर डिस्क टर्मिनलमधून उघडायची, बरोबर नावाने. घाई नाही, एखादा निवांत रविवार बघ, आधी बॅकअप.

पण एक गोष्ट आज रात्री झोपायच्या आधी. लक्सचं हेडर. डिस्कच्या सुरुवातीला असतं, खरी किल्ली त्यात असते, तुझा पासवर्ड फक्त ती किल्ली उघडतो. तेवढा भाग खराब झाला किंवा कुणी चुकून त्यावर पार्टिशन टेबल लिहिलं तर पासवर्ड तोंडपाठ असूनही आतलं काहीही परत मिळत नाही. दोन्ही डिस्कचा क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप काढ. ती फाईल त्याच लॅपटॉपवर ठेवशील तर मी स्वतः नाशिकला येईन. आणि पुढे कधी पासवर्ड बदललास तर हेडरचा जुना बॅकअप नष्ट कर, कारण त्यावर जुना पासवर्ड अजून चालतो.

खटपट्या_नाशिक

काका ऐकलं सगळं. हेडर घेतले, १६-१६ एमबीच्या दोन फाईल झाल्या, एका पेनड्राइव्हवर टाकून तो आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय, तिला सांगितलंय याच्यावर भजनं नाहीत.

बॅकअपसाठी बाहेरची डिस्क मागवतो आणि मग /होम वेगळं करतो, दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा याच धाग्यात येईन, नवीन उघडणार नाही. व्हीजीचं नाव त्या वेळी बिनडॅशचं ठेवतो.